सैंधव म्हणजे मीठ की घोडा? फोनच्या संदर्भज्ञानाविषयी

आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी आम्हाला गाठून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे मोबाइलचं कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एक प्रसंग सांगतो.

गेल्या वर्षी आमचे एक जुने स्नेही गेले. इथल्याच अमरधामात सगळं उरकलं आणि आम्ही चार म्हातारे बाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात आमच्या खिशातला फोन थरथरला. पाहिलं तर एका ॲपचा प्रश्न होता. तुम्ही नुकतीच या ठिकाणी भेट दिलीत, अनुभव कसा वाटला, तारे द्या. खाली पाच रिकामे तारे. नातू शेजारी उभा होता. त्याने वाकून वाचलं आणि हळूच म्हणाला, "आबा, ते बंद करा आधी."

बंद केलं. पण घरी आल्यावर मनात घोळत राहिलं, की त्या यंत्राचं नेमकं चुकलं काय? जागा त्याने बरोबर ओळखली होती. वेळ बरोबर होती. माणूसही बरोबर, फोन आमचाच. आम्ही तिथे रस्त्याने जाता जाता क्षणभर टेकलो नव्हतो, बराच वेळ थांबलो होतो, हेही त्याने ओळखलं. संगणकशास्त्राच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तरी ते चुकलं, आणि असं चुकलं की दहा वर्षांच्या पोरालाही कळलं.

या प्रकाराला कॉन्टेक्स्ट-अवेअर कम्प्युटिंग म्हणतात. आपण मराठीत संदर्भसजग संगणन म्हणू. कल्पना सोपी आहे. यंत्राने आपण बटण दाबायची वाट बघू नये. आपण कुठे आहोत, किती वाजलेत, सोबत कोण आहे, चालतोय की बसलोय, हे त्याने स्वतः टिपावं आणि त्याप्रमाणे वागावं. फोन कानाला लावला की पडदा विझतो, उन्हात गेलं की उजेड वाढतो, हेही त्यातलंच. या गोष्टी कुणाला खुपत नाहीत. किंबहुना लक्षातही येत नाहीत.

पण यातली एक गोष्ट आम्हाला रोज रात्री छळते. कुशीवर झोपून फोनवर वाचायला लागलो की मजकूर आडवा होतो. का होतो? फोनमधला संवेदक गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो. फोन उभा की आडवा, एवढं त्याला कळतं. आमचं डोकंही त्याच्याबरोबर आडवं झालंय, हे त्याला कळत नाही. त्याला पृथ्वी कुठे आहे ते ठाऊक, वाचणारा कुठे आहे ते ठाऊक नाही. एवढं एक उदाहरण नीट ध्यानात ठेवलंत तर आजच्या व्याख्यानाचा निम्मा भाग तुम्हाला आधीच कळला म्हणून समजा.

आता मूळ ग्रंथांकडे जाऊ. समीक्षा करायची तर प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या सर्वोत्तम रूपात मांडावं, ही आपली जुनी शिस्त. सप्टेंबर १९९१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्क वायझर यांचा एकविसाव्या शतकातल्या संगणकाविषयीचा लेख आला. वायझर झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधनकेंद्रात होते. त्यांचं म्हणणं असं, की खरं मुरलेलं तंत्रज्ञान दिसेनासं होतं. लिपीचंच घ्या. दुकानाची पाटी वाचताना 'मी आता वाचन हे तंत्र वापरतोय' असं कुणाच्या मनात येत नाही. संगणक तसा व्हावा. लेख सुंदर आहे, आजही वाचावा असा. त्यात सॅल नावाच्या एका बाईची सकाळ रंगवली आहे. ती जागी व्हायच्या बेतात कूस बदलते, ते तिच्या गजराच्या घड्याळाला कळतं, आणि घड्याळ हळूच विचारतं, कॉफी? ती म्हणते, हो. त्या घड्याळाला 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच शब्द कळतात.

लोक या प्रसंगातलं घड्याळाचं शहाणपण बघतात. आम्हाला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. घड्याळाला कळलं होतं, तरी त्याने विचारलं. पुढच्या तीस वर्षांत हा प्रश्न हळूहळू गळून पडला. कळणं वाढत गेलं, विचारणं कमी होत गेलं.

'कॉन्टेक्स्ट-अवेअर' हा शब्द रूढ केला तो पार्कमध्येच काम करणाऱ्या बिल शिलिट आणि मार्व्हिन थीमर यांनी, १९९४ मध्ये. आणि सगळीकडे जिचा आधार घेतला जातो ती व्याख्या अनिंद डे यांची, २००१ ची. तिचा आशय असा: एखाद्या घटकाच्या परिस्थितीचं वर्णन करायला उपयोगी पडेल अशी कोणतीही माहिती म्हणजे संदर्भ. घटक म्हणजे व्यक्ती, जागा किंवा वस्तू, जी वापरणारा आणि ॲप यांच्या व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. व्याख्या व्यापक आहे आणि अभियंत्यांच्या कामाची आहे. आमची हरकत एका शब्दाला आहे. तो शब्द 'माहिती'. एकदा संदर्भ म्हणजे माहिती असं मानलं, की ती गोळा करता येते, साठवता येते, विकताही येते. आणि जे गोळा करता येत नाही ते संदर्भच नव्हे, असं आपोआप ठरून जातं.

इथे आपल्या परंपरेतलं एक उदाहरण घेऊ. आमच्या विद्यार्थ्यांनी ते इतकेवेळा ऐकलंय की ते आता हसतील. मालक नोकराला म्हणतो, "सैंधव आण." सैंधव म्हणजे सिंधूकडचं. त्याचे दोन अर्थ, मीठ आणि घोडा. मालक जेवायला बसला असेल तर नोकर मीठ आणतो, प्रवासाला निघाला असेल तर घोडा आणतो. शब्द तोच, प्रकरण वेगळं. आज एकादशीच्या दिवशी घरात सैंधव मागितलं तर कुणी घोडा आणणार नाही, पण ते जाऊ द्या. आणि आपण पंचवटीकर तरी काय बोलतो? "जरा गंगेवर जाऊन येतो." यात गंगा म्हणजे गोदावरी आणि 'गंगेवर' म्हणजे पाण्यावर नव्हे, घाटावर. दोन ठिकाणी अर्थ सरकलाय आणि घरातल्या कुणालाही खुलासा विचारावा लागत नाही.

भर्तृहरीने साधारण पाचव्या शतकात 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात हा प्रश्न हाताळला आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या नुसत्या रूपावरून ठरत नाही, असं तो म्हणतो, आणि तो कशाकशावरून ठरतो ते सांगतो: वाक्य, प्रकरण, प्रयोजन, औचित्य, देश, काल. या यादीसमोर आजचा फोन उभा करा. देश? त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो, उपग्रहावरून. काल? सेकंदापर्यंत. प्रकरणाचा तो अंदाज बांधतो, कधी बरोबर, कधी चूक. प्रयोजन आणि औचित्य मात्र कोणत्याही संवेदकाने मोजता येत नाही. अमरधामात नेमकं तेच हुकलं.

कुणी म्हणेल, सर, ही तर साधी सुधारणा आहे. यादीत स्मशानं घाला, तिथे प्रश्न विचारू नका असा नियम करा. जरूर करा. पण मग इस्पितळं घालावी लागतील. पोलीस चौकी. कोर्ट. आणि एखाद्याला ज्या हॉटेलात शेवटचं भांडण झालं ते हॉटेलही. यादी संपत नाही, कारण औचित्य हा जागेचा गुण नाही. ते त्या माणसाच्या त्या वेळच्या कृतीतून निर्माण होतं. हेच पॉल डूरिश या संशोधकाने २००४ मध्ये संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं: संदर्भ आधीपासून तिथे पडून नसतो, माणसं वागता वागता तो घडवतात. आणि त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, ल्यूसी सचमन यांनी दाखवून दिलं होतं. त्या मानववंशशास्त्राच्या, आणि काम कुठे करत होत्या? वायझरच्याच त्या पार्कमध्ये. त्यांनी एका मदतनीस फोटोकॉपी यंत्राशी झुंजणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. माणसं एकमेकांशी बोलत होती, गोंधळत होती, चुकीचं पान उलटवत होती. यंत्राला त्यातलं काय कळत होतं? कुठलं बटण दाबलं आणि कुठलं झाकण उघडलं, एवढंच. बाकी सगळ्याला ते आंधळं होतं. तरीही सूचना मात्र ठामपणे देत होतं. एकाच इमारतीत ही टीका आणि ते स्वप्न दोन्ही राहत होती. स्वप्नाला पैसा मिळाला.

बर्लिनमधला एक प्रकार सांगतो, मजेचा आहे. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलावंताने ९९ जुने फोन एका हातगाडीत भरले आणि मोकळ्या रस्त्याने ती गाडी रमतगमत ओढत नेली. गूगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला. नकाशाच्या दृष्टीने तिथे वाहतूक तुंबली होती. कंपनीने उत्तर देताना सांगितलं, की भारतासह काही देशांत आम्ही मोटार आणि दुचाकी यांतला फरक ओळखू लागलो आहोत. चांगलं आहे. पण पंचवटी कारंजावर सकाळी उभं राहून बघा. हातगाडी, रिक्षा, यात्रेकरूंचा जथा, मध्येच बसलेली गाय, आणि नवरदेवाची मिरवणूक. त्यातला प्रत्येक जण सावकाश चाललाय, पण प्रत्येकाच्या सावकाशीचं कारण वेगळं. नकाशाला फक्त सावकाशी दिसते.

आता जिथे आमचा खरा आक्षेप आहे तिथे येतो. सैंधवाच्या गोष्टीत एक जण गृहीत आहे, तो म्हणजे मालक. नोकर संदर्भ का बघतो? मालकाच्या मनातलं कळावं म्हणून. आपले नैयायिक याला तात्पर्य म्हणतात, बोलणाऱ्याची इच्छा. वाक्य कळायचं तर तात्पर्य कळायला हवं. मग त्यांच्यापुढे अडचण आली पोपटाची. पोपट वाक्य बोलतो, आपल्याला अर्थ कळतो, पण पोपटाची तर काही इच्छा नाही. मग तात्पर्य कुणाचं? 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त विश्वनाथाने सतराव्या शतकात याचा निकाल दिला आहे. पोपटाचं बोलणं खरं ठरत असेल तर त्यामागे ईश्वराचं तात्पर्य समजावं, आणि खोटं ठरत असेल तर त्याला शिकवणाऱ्याचं. हा निकाल वाचून आम्ही वर्गात वर्षानुवर्षं हसत आलो. आता हसू येत नाही. फोन जेव्हा विचारतो, 'अनुभव कसा वाटला', तेव्हा त्याला जाणून घ्यायचं नसतं. फोन पोपट आहे. तात्पर्य शिकवणाऱ्याचं आहे, आणि शिकवणाऱ्याला तारे हवे आहेत, कारण तारे असले की नकाशा विकला जातो.

म्हणजे बघा, उलटंच झालं. सैंधवाच्या गोष्टीत सेवक मालकाचा संदर्भ टिपतो आणि मालकाचं काम करतो. इथे सेवक आपल्या खिशात बसून आपला संदर्भ टिपतो आणि काम दुसऱ्याच मालकाचं करतो. या विषयावरच्या पुस्तकांत संवेदकांवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. हा संदर्भ कुणासाठी टिपायचा, या प्रश्नाला एखादा परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ.

मग संदर्भसजग यंत्रं नकोतच का? तसं आमचं म्हणणं नाही. चांगलं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. २७ ऑगस्ट २००३. सिंहस्थाची पर्वणी. रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. इथल्या जुन्या लोकांना तो दिवस सांगावा लागत नाही. पुढच्या सिंहस्थाच्या आधी, २०१४ पासून, नाशिकचेच असलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे कुंभथॉन भरू लागली. त्यातून नीलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी आशिओटो नावाची चटई केली. जपानी भाषेत त्याचा अर्थ पावलांचा आवाज. चटईत दाब ओळखणारे संवेदक. माणूस वरून गेला की मोजला जातो, आणि कुठून किती लोक येताहेत ते बंदोबस्तावर असणाऱ्यांना कळतं. २०१५ च्या सिंहस्थात या चटयांनी १८ तासांत पाच लाख लोक मोजले, असं नीलयने पुढे जाहीर भाषणात सांगितलं आहे. त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही.

आमच्या दृष्टीने या चटईची थोरवी ती काय मोजते यात नाही, काय मोजत नाही यात आहे. तिला पाऊल कळतं, पावलाचा धनी कळत नाही. तो कुठल्या आखाड्याचा, कुठल्या गावचा, जात कुठली, फोन नंबर काय, याची तिला गरजच नाही. आणि तिचं तात्पर्य लपलेलं नाही. माणसं मरू नयेत, हे ते तात्पर्य. ज्याचा संदर्भ टिपला जातो त्याचाच जीव वाचवायचा आहे. सेवक आणि मालक यांचं नातं इथे सरळ आहे.

हे वेगळेपण पंचवटीत उभं राहून सांगताना काळाराम मंदिर आठवल्याशिवाय राहत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढे दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाच वर्षं चालवला. ते दार संदर्भसजग होतं, मंडळी. समोर कोण आलंय ते ओळखून उघडायचं किंवा मिटायचं. ओळख पटवणं आणि अडवणं या दोन क्रिया किती जवळच्या आहेत, हे ज्यांना पुस्तकातून शिकायचंय त्यांनी शिकावं. या वस्तीने ते दारात बघितलंय. म्हणून गर्दी मोजणाऱ्या यंत्राऐवजी चेहरा ओळखणारं यंत्र बसवा असं कुणी म्हणालं, आणि 'सोय होईल' एवढंच कारण दिलं, तर आपण दोन मिनिटं जास्त विचार करायला हवा.

चटईचाही फार गौरव करू नये, तिच्याही मर्यादा आहेत. २००३ साली मिरवणुकीत नाणी उधळली गेली आणि लोक ती वेचायला धावले, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. नाण्यामागे धावणारं पाऊल आणि स्नानाला निघालेलं पाऊल यांत चटईला फरक कळत नाही. आणि नुसतं कळून भागत नाही हेही खरं. २०२५ मध्ये प्रयागराजला गर्दी मोजणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे लावलेले होते. तरी २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकडा ३० मृतांचा. कळलेल्या गोष्टीवरून हलायला माणूस लागतो, आणि त्याला हलायची मुभा लागते.

दुसरं एक चांगलं उदाहरण पटकन सांगतो. २०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी महाराष्ट्रभर सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? घाबरू नका, ही चाचणी आहे, असा संदेश. त्या पद्धतीला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम हाक मारतो. त्यासाठी त्याला कुणाचा नंबर लागत नाही, नाव लागत नाही. दवंडीच ती. पूर येणार असेल तर गंगेकाठच्या माणसाला सांगायचं, मग तो कुणीही असो. देश आणि काल एवढाच संदर्भ पुरतो, आणि पुरतो तिथे त्याहून जास्त मागू नये.

आणि पुराचं म्हणाल तर आपला दुतोंड्या मारुती आहेच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. ऑगस्ट २०१६ ला सगळ्यांनी विचारलं होतं. इतकं साधं आणि इतकं उघड मोजमाप दुसरं नसेल. सगळ्यांना दिसतं, कुणाच्या मालकीचं नाही, आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा. ज्याचं दुकान खालच्या अंगाला तो कमरेला पाणी लागताच माल हलवतो, वरच्या अंगाचा बघायला येतो.

शेवटी रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयी बोलतो. बाहेरगावचा माणूस अस्थी घेऊन येतो. उपाध्ये विचारतात, आडनाव काय, गाव कोणतं, आजोबांचं नाव काय? मग जाडजूड वही निघते आणि त्यात या माणसाच्या आजोबांची सही निघते. ते साल, ते अक्षर. आम्ही एका परगावच्या गृहस्थाला ती ओळ बघताना पाहिलं आहे. त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. आता तुलना करा. ही वहीसुद्धा व्यक्ती, देश, काल यांची नोंद आहे. आणि ती निरुपद्रवी आहे असं आम्ही म्हणत नाही, कारण जात-कुळीची उतरंडही त्याच वह्यांत बसलेली आहे. पण तिच्या दोन गोष्टी फोनमध्ये नाहीत. नोंद करण्यापूर्वी आपल्याला विचारलं जातं. आणि वही आपल्यासमोर उघडते. काय लिहिलंय ते वाचता येतं, चुकलं असेल तर सांगता येतं, खाली स्वतःच्या हाताने सही करता येते. आमच्या फोनने आमच्याविषयी काय लिहून ठेवलंय ते आम्ही नातवाला शोधायला लावलं. त्याला ते पान सापडायला पाऊण तास लागला. सापडलं तेव्हा त्यात आमच्या तीन वर्षांच्या सकाळच्या फेऱ्या होत्या, आणि दवाखान्याच्या वाऱ्या होत्या, ज्या आम्ही घरी सांगितलेल्याही नव्हत्या.

२०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमती हा शब्द आहे. चांगला शब्द आहे. पण संमती एकदा घेतली जाते, फोन नवा असताना, बारीक अक्षरांच्या खाली. औचित्याचा प्रश्न रोज नव्याने येतो. सॅलच्या घड्याळाने रोज सकाळी विचारलं असतं.

सिंहस्थ पुन्हा दाराशी आहे. चटया येतील, कॅमेरे येतील, ॲप येतील, त्यांची उद्घाटनं होतील. तुमच्यातले काही जण महापालिकेत आहेत, काही महाविद्यालयातून हीच यंत्रं घडवताहेत, दोघे-तिघे समोर बसलेले दिसताहेत. त्यांना आम्ही तीनच गोष्टी विचारणार आहोत. तुमच्या यंत्राला पाऊल पुरतं की चेहरा लागतो? चेहरा लागत असेल तर कशासाठी, आणि सिंहस्थ संपल्यावर तो कुठे जाणार? आणि ज्याचा चेहरा आहे त्याला तुमची वही उघडून बघता येईल का? उत्तरं आजच द्या असं नाही, पण उद्घाटनाच्या आधी द्या.

राहिली त्या पाच ताऱ्यांची गोष्ट. आम्ही तो प्रश्न पुसून टाकला होता. पुढच्या आठवड्यात तेराव्यासाठी त्याच बाजूला जाणं झालं, आणि फोनने पुन्हा विचारलं. या वेळी त्याने आठवणही करून दिली, की मागच्या भेटीचं मत द्यायचं राहिलंय.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. माइक आधी मागच्या रांगेकडे द्या.